सुटा भाग कुणाच्या हाती?

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना शहराच्या अलीकडे महामार्गावर शहापूर लागते. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि चहूकडे धानाची गावे. या टापूत स्मार्टफोन ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर पेरा नोंदवायचा. ती नोंद सातबाऱ्यावर चढली नाही तर आधारभूत किमतीने धान विकताना अडते. पीएम-किसानची ई-केवायसीही फोनवरच्या ओटीपीने होऊ लागली. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून फोटोसकट ॲपवर जाऊ लागली. अंगणवाडीचा कारभार पोषण ट्रॅकरवर आला आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहराही सेविकेने फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा आहे. शासनाने नागरिकाशी असलेला आपला व्यवहार असा फोनच्या पडद्यावर आणून ठेवला. तो पडदा फुटला, बॅटरी फुगली किंवा चार्जिंगची पट्टी गेली, तर तो भाग कुणी, कशाने आणि किती पैशांत बसवून द्यायचा, हे मात्र बाजारावर सोडून दिले. त्या बाजाराच्या शेवटच्या टोकाला गावातले दुरुस्तीचे दुकान उभे आहे, आणि त्याचे खरे अडते ते सुट्या भागापाशी.

कौशल्याची उणीव हे या दुकानांच्या अडचणींचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाते. ते पुरेसे खरे नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमधून, म्हणजे आरसेटीतून, मोबाइल दुरुस्तीचा महिन्याभराचा वर्ग चालतो. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने मोबाइल हार्डवेअर दुरुस्ती तंत्रज्ञ अशी रीतसर पात्रता ठरवून दिलेली आहे. त्याहून जास्त शिक्षण दुकानातल्या बाकावरच होते. डीसी पॉवर सप्लायवर फोन लावून किती करंट खेचतो ते पाहायचे, त्यावरून शॉर्टिंग कुठे आहे याचा अंदाज बांधायचा, हॉट एअरने आयसी उचलायची, तिला नवे बॉल लावून परत बसवायची, ही कामे लहान गावांतले तरुण सराईतपणे करतात. परंतु दुकानात रोज येणारे काम इतके अवघड नसतेच. फुटलेला डिस्प्ले, दमलेली बॅटरी, सैल झालेला चार्जिंग पोर्ट, फुटके मागचे कव्हर, घरघरणारा स्पीकर. जुने काढायचे आणि नवे बसवायचे, एवढीच ही दुरुस्ती. हात तयार असतो, हत्यार असते, गिऱ्हाईक समोर बसलेले असते, भाग नसतो. असला तर तो कसला आहे हे ठाऊक नसते. आणि अलीकडे, भाग अस्सल असला तरी फोन तो स्वीकारील याची खात्री नसते.

भाग मिळण्याचेच आधी पाहू. मोटारसायकलची क्लच केबल हवी असेल तर भंडाऱ्यात कंपनीच्या नावाचे, किंमत छापलेले पाकीट काउंटरवर मिळते आणि ते कुणीही विकत घेऊ शकतो. फोनच्या बहुतेक कंपन्यांचे भाग असे कुणालाही विकले जात नाहीत. ते त्यांच्या अधिकृत सेवा केंद्रांतून, फोन तिथेच जमा केल्यावर बसवले जातात. स्वतंत्र दुकानदाराला मग सीताबर्डीच्या बाजारात जावे लागते, किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दरपत्रकावरून मागवावे लागते. नागपूरच्या व्यापाऱ्याकडे माल दिल्लीच्या गफ्फार मार्केटसारख्या किंवा मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या घाऊक ठिकाणांहून येतो आणि त्यातला पुष्कळसा मूळचा चीनमधला असतो. या साखळीत शहापूर चौथ्या-पाचव्या पायरीवर आहे. त्यात एकाच कंपनीची वर्षाला डझनावारी मॉडेले येतात. नावात फक्त एका अक्षराचा किंवा फोर-जी, फाइव्ह-जीचा फरक, आणि आतला कनेक्टर वेगळा. पन्नास प्रकारचे डिस्प्ले दुकानात भरून ठेवणे म्हणजे भांडवल कोंडून ठेवणे, कारण दोन वर्षांत ती मॉडेले लोकांच्या हातातून जातात आणि न खपलेला माल गळ्यात पडतो. म्हणून दुकानदार भाग ठेवत नाही, गिऱ्हाईक आल्यावर मागवतो. दोन दिवस ते चार दिवस. नागपूर इथून पन्नासेक किलोमीटर; स्वतः जाऊन आणायचे तर दिवस मोडतो आणि बसभाडे त्या चार्जिंग पट्टीच्या किमतीच्या बरोबरीला येऊन बसते.

मिळालेला भाग ओळखणे त्याहून कठीण. बाजारात ओजी, सर्व्हिस पॅक, कॉपी, फर्स्ट कॉपी, इनसेल, हार्ड ओएलईडी, सॉफ्ट ओएलईडी असे शब्द सर्रास चालतात. यांतल्या काहींना तांत्रिक अर्थ आहे. सर्व्हिस पॅक म्हणजे कंपनीने सेवा केंद्रांसाठी बांधलेला संच, आणि इनसेल म्हणजे स्पर्शाचा थर पडद्यातच बसवलेला एलसीडी. पण ‘ओजी’ या शब्दामागे कायद्याने उभे केलेले एकही मानक नाही. तो व्यापाऱ्याच्या जिभेवरचा शब्द आहे. ज्या फोनमध्ये मूळचा ओएलईडी पडदा आहे, त्याला स्वस्तात एलसीडीचा कॉम्बो बसवला, तर जाडी वाढते, रंग आणि उजेड बदलतो, काळ्या पडद्यालाही मागचा दिवा जळत राहिल्याने बॅटरी लवकर उतरते. आणि पडद्याखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर बंद पडतो, कारण त्याला लागणारा उजेड त्या एलसीडीतून आरपार जात नाही. गिऱ्हाइकाला वाटते, कारागिराने काहीतरी बिघडवले. बॅटरीचे तर बाहेरून काहीच कळत नाही. पाच हजार एमएएच लिहिलेल्या पाकिटात किती मावते ते महिन्याभराने उमगते. फोनच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक सक्तीचे आहे, त्यांच्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो आणि बीआयएस केअर ॲपवर तो पडताळता येतो. ही सोय चांगली आहे. मात्र छापलेला क्रमांक खरा असणे आणि आतली बॅटरी त्याच कारखान्याची असणे यांत अंतर आहे, आणि ते मोजायचे साधन गल्ल्यावर नसते. घाऊक व्यापाऱ्याची अट ठरलेली असते की प्लॅस्टिक सोलले, भाग बसवला, की परत घेणार नाही. म्हणजे वाईट मालाची जोखीम साखळीतल्या ज्या माणसाकडे सर्वांत कमी माहिती आणि सर्वांत कमी भांडवल आहे, त्याच्याच अंगावर येते.

तिसरी अडचण नवी आहे आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. फोन आपल्या भागांना क्रमांकाने ओळखू लागले आहेत. याची ठळक सुरुवात आयफोनवर झाली. होम बटण बाहेरच्या कारागिराने बदललेले फोन २०१६ साली सॉफ्टवेअर अद्ययावत करताच ‘एरर ५३’ दाखवून ठप्प झाले. टीका झाल्यावर कंपनीला ते पुन्हा चालू करणारी दुरुस्ती द्यावी लागली, आणि ऑस्ट्रेलियात याच प्रकरणात ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल न्यायालयाने २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तरी दिशा बदलली नाही. २०१९ मध्ये बॅटरी आणि पडद्यासाठी, पुढे कॅमेऱ्यासाठी, भाग ओळखीचा नसल्याच्या सूचना येऊ लागल्या. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये पडदा बदलला की फेस आयडी बंद, असा प्रकार आला; तोही ओरड झाल्यावर मागे घेतला गेला. यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दुसऱ्या आयफोनमधून काढलेला, कंपनीनेच बनवलेला भाग लावला तरी ती सूचना येत असे. म्हणजे प्रश्न भागाच्या दर्जाचा नव्हताच. तो कुणाच्या हातून बसला याचा होता. कारागिरांनी यावरही वाट काढली. जुन्या पडद्यावरची चिमुकली चिप उचलून नव्यावर डकवायची, किंवा प्रोग्रामरने तिच्यातली माहिती वाचून दुसरीत लिहायची. कौशल्य म्हणून याला दाद द्यावी, पण पडदा बदलण्यासारख्या कामाला सूक्ष्मदर्शक लागावा ही परिस्थिती बनवलेली आहे, अटळ नाही.

शहापूरला आयफोन कितीसे, असे कुणी म्हणेल. थोडेच. पण हीच रीत अँड्रॉइडमध्येही वेगळ्या रूपात आहे. पडद्याखालचा ठशाचा सेन्सर नव्या पडद्याशी जुळवून घ्यावा लागतो, आणि ते जुळवणीचे सॉफ्टवेअर अनेक कंपन्या सेवा केंद्राबाहेर देत नाहीत. गूगलने आपल्या पिक्सेल फोनसाठी मात्र हे साधन संकेतस्थळावर सर्वांना खुले ठेवले. त्यामुळे पिक्सेल असुरक्षित झाल्याचे कुणी दाखवून दिलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण ते सगळे पोकळ नाही. पहिला मुद्दा सुरक्षेचा. लिथियम बॅटरी चुकीची हाताळली, टोचली गेली, तिचे संरक्षक सर्किट निकृष्ट असले, तर ती पेट घेते. हा धोका खरा आहे आणि तो उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्या माणसाचा आहे. पण या धोक्यावरून निघणारा निष्कर्ष कंपन्या काढतात त्याच्या उलट आहे. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ जगभरातून परत घ्यावा लागला, तेव्हा पेटणाऱ्या बॅटऱ्या मूळच्याच होत्या. तेव्हा बॅटरी सुरक्षित ठरते ती चाचणीने आणि मागोवा घेता येणाऱ्या क्रमांकाने, दुकानाच्या पाटीने नव्हे. गावातल्या दुकानाला चाचणी झालेली बॅटरी विकायचीच नाही, आणि मग ते न तपासलेली बसवते म्हणून त्याला धोकादायक म्हणायचे, हा युक्तिवाद आपलाच पाया खणतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात उत्पादकांची ही सारी कारणे तपासली आणि दुरुस्तीवरच्या निर्बंधांना पाठबळ देणारा पुरावा फारच तुटपुंजा असल्याचे नोंदवले.

दुसरा मुद्दा चोरीचा. भाग क्रमांकाने बांधले नाहीत तर चोरलेले फोन सुटे करून विकले जातील, असे म्हणतात. चोरीच्या फोनसाठी आपल्याकडे मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर देशभर आयएमईआय रोखण्याची सोय आहे, पण ती मुख्य बोर्डाला लागू पडते. पडदा आणि कॅमेरा त्यातून सुटतात, हे कबूल करावे लागेल. मात्र उपाय कंपनीनेच दाखवला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ॲपलने जाहीर केले की वापरलेले अस्सल भाग यापुढे दुरुस्तीत चालतील, आणि मालकाने कुलूपबंद केलेल्या किंवा हरवला म्हणून नोंदवलेल्या फोनमधून आलेल्या भागाची जुळवणी तेवढी रोखली जाईल. चोरीचा भाग वेगळा ओळखता येतो, तर सगळ्याच भागांना आणि सगळ्याच कारागिरांना संशयित धरण्याचे कारण संपते. खासगी माहितीचेही तसेच. दुरुस्तीला दिलेल्या यंत्रातली छायाचित्रे चाळण्याची विकृती आहे, विशेषतः स्त्रियांना तिचा त्रास होतो, आणि तिला क्षमा नाही. पण ती लहान दुकानांचीच आहे असे मानायला आधार नाही. ॲपलच्याच कंत्राटी दुरुस्ती केंद्रात २०१६ मध्ये एका विद्यार्थिनीची खासगी छायाचित्रे पसरवली गेली आणि कंपनीला मोठी भरपाई द्यावी लागली, ही गोष्ट २०२१ मध्ये बाहेर आली. यावरचा उपायही तयार आहे. सॅमसंगने २०२२ मध्ये मेंटेनन्स मोड आणला, पुढे अँड्रॉइड १४ बरोबर गूगलने रिपेअर मोड दिला. तो चालू करून फोन दिला तर कारागिराला स्पीकर, कॅमेरा, पडदा तपासता येतो आणि मालकाची माहिती दिसत नाही. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणे दुकानदाराचे काम आहे, आणि पासवर्ड कागदावर लिहून घेण्याची सवय आता मोडली पाहिजे.

तिसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. दहा-बारा हजारांच्या फोनला अस्सल पडदा किमतीच्या मोठ्या हिश्श्याला पडतो. तेवढ्यात हप्त्याने नवा येतो. मग अस्सल भागांसाठी एवढा आटापिटा कशाला? याचे उत्तर किमतीतच आहे. जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केल्याचे उघड झाल्यावर ॲपलने २०१८ साली अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात नव्या फोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी होण्याच्या कारणांत या स्वस्त बॅटरी बदलाचाही उल्लेख केला. माणसे फोन टाकून देतात कारण दुरुस्ती महाग ठेवलेली असते. ती परवडू लागली की तीच माणसे फोन वापरत राहतात. टाकलेल्या फोनचे पुढे काय होते तेही याच हिशेबात धरायला हवे. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जाणारा जिल्हा आहे, आणि जुन्या पितळेला मोडीचा भाव येतो हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. बंद पडलेल्या फोनला घरात भाव येत नाही, तो कपाटात पडतो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. फोनच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश वाटा तो बनवतानाच पडतो. म्हणून तो दोन वर्षे जास्त चालवणे हा पर्यावरणाचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

कंपन्यांनी आपले भाग कुणाला विकावेत हा त्यांचा प्रश्न, असे म्हणण्याला भारतात एकदा ठाम उत्तर दिले गेले आहे. मोटारींचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला आणि सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावरून पुढे वाद चालत राहिले, पण आयोगाने मांडलेले तत्त्व स्वच्छ होते. एकदा मोटार घेतली की गिऱ्हाईक त्या कंपनीच्या भागांच्या बाजारात अडकते, आणि त्या बंदिस्त बाजारात कंपनी एकटीच विक्रेती बनते. फोनला हे शब्दशः लागू पडते. असे असून दुरुस्तीच्या हक्काची आपली वाटचाल सूचनांच्या पातळीवर घोटाळते आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल होते, शेतीची अवजारे होती. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी दुसरी समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. फोन किती सहज उघडतो, भाग किती लवकर मिळतो, माहिती आणि हत्यारे उपलब्ध आहेत का, यांवरून फोनला गुण द्यायचे आणि ते खोक्यावर छापायचे, अशी ती कल्पना. बॅटरी, पडदा, मागचे कव्हर, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट, बटणे, माइक, स्पीकर हे महत्त्वाचे भाग त्यात नेमके धरले आहेत. निर्देशांक चांगलाच आहे. पण तो खरेदीच्या वेळी कामाचा. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असाच निर्देशांक लावला तेव्हा भागाच्या किमतीला त्यात वेगळे गुण ठेवले, ते आपणही ठेवले पाहिजेत. तरीही गुण छापल्याने शहापूरच्या दुकानात बॅटरी येत नाही. ती येण्यासाठी विक्रीची सक्ती लागते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत ती आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे भाग द्यायचे, ते पाच ते दहा कामकाजाच्या दिवसांत पोहोचवायचे, आणि क्रमांकाने बांधलेला भाग असेल तर तो जुळवण्याचे सॉफ्टवेअर व्यावसायिक कारागिरालाही द्यायचे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये भाग बांधून ठेवण्यावरच बंदी घातली. ज्या कंपन्या तिकडे हे पाळतात, त्यांचे फोन इथेही विकले जातात.

कारागिरांच्या बाजूनेही काही द्यावे लागेल. अस्सल भाग मागायचा तर बिल द्यावे लागेल, आणि त्यावर भाग कंपनीचा, सुसंगत की दुसऱ्या फोनमधून काढलेला, हे लिहावे लागेल. जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवून परत करावा लागेल. फुगलेली बॅटरी कचरापेटीत न टाकता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलनाकडे द्यावी लागेल. कॉपी लावून ओजीचे पैसे घेणारी दुकाने आहेत, आणि प्रामाणिक दुकानदाराचे सर्वांत मोठे नुकसान तीच करतात. पण हा क्रम उलटा लावून चालणार नाही. खरा भाग विकत घेण्याची सोय आधी झाली, तरच खोटा लावणाऱ्याला जाब विचारता येतो.

दिल्लीतून कायदा येईपर्यंत महाराष्ट्राला हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही, कारण राज्य शासन स्वतःच फोनचे मोठे गिऱ्हाईक आहे. २०१९ मध्ये शासनाने अंगणवाडी सेविकांना लाखाच्या आसपास स्मार्टफोन दिले. दोन वर्षांत हमी संपली, फोन तापू लागले, अडकू लागले, आणि दुरुस्तीचा खर्च मानधनावर काम करणाऱ्या सेविकांच्या अंगावर आला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. पुढे २०२३ च्या संपानंतर नवे मोबाइल देण्याचे मान्य झाले. फोन बदलून मिळाले तरी खरेदीची पद्धत बदलल्याशिवाय तीच वेळ पुन्हा येईल. शासनाच्या पुढच्या निविदेत चार अटी घालता येतात. बॅटरी, पडदा, कॅमेरा आणि चार्जिंग पोर्ट पाच वर्षे छापील किमतीत, कोणत्याही नोंदणीकृत दुकानाला विकावेत. जुळवणीचे सॉफ्टवेअर खुले असावे. दुरुस्तीची पुस्तिका मराठीत द्यावी. आणि भागांचा साठा प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावा. एवढ्या मोठ्या खरेदीसाठी या अटी मान्य करणारी कंपनी मिळेल. एकदा त्या मॉडेलचे भाग भंडाऱ्याच्या काउंटरवर आले, की सेविकेचा फोन जिथे दुरुस्त होईल त्याच बाकावर त्याच मॉडेलचा शेतकऱ्याचा फोनही दुरुस्त होईल, आणि आधारभूत खरेदीच्या नोंदणीची मुदत संपण्याआधी तो त्याच्या हातात परत पडेल.